ठोका ऐकला आणि सुट्टी लागली

आमच्या धंद्यात सुट्टी पावसात मिळते. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर ताडपत्र्या पडल्या, की बर्फाला गिऱ्हाईक उरत नाही. मग कारखाना बंद ठेवून मशीन उघडायचं, साफसफाई-डागडुजी करायची, आणि त्यातून दिवस उरले तर गावाला जाऊन यायचं. माझं गाव जत तालुक्यात. मी पोचतो तेव्हा तिथे पेरणीची घाई असते, माझ्याशी बोलायला कुणाला सवड नसते. यात्रा, लग्नं, माहेरवाशिणी, सगळं मे महिन्यात होऊन गेलेलं असतं. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत मी नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात आहे, पण ते तिच्या सासरच्यांना हात जोडून तारीख दिवाळीनंतर ढकलली म्हणून.

मे महिन्यात मी रेवदंड्याच्या खाडीकाठी बर्फाच्या लाद्या काढत असतो. पंचवीस वर्षं झाली. गेल्या वर्षी मात्र भर मे महिन्यात मला दहा दिवस सुट्टी मिळाली. ती कशी मिळाली आणि कशी गेली ते लिहितो. सुट्टीत लिहिण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण पंचवीस वर्षांत एकदाच मिळालेली गोष्ट माणूस सांगणारच.

आधी बर्फाचं सांगतो, कारण लोकांना वाटतं कारखान्यात मोठा फ्रीज असतो. तसं नाही. जमिनीत एक लांबरुंद टाकी असते, तिच्यात मिठाचं पाणी. मिठामुळे ते शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. त्या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे रांगेने उभे असतात. नळ्यांतून फिरणारा अमोनिया खाऱ्या पाण्यातली उष्णता ओढून घेतो आणि खारं पाणी डब्यातल्या पाण्यातली. बर्फ कडेने धरत आत सरकतो, मधलं पाणी सगळ्यात शेवटी गोठतं. दीड-दोन दिवसांनी डबा उचलायचा, साध्या पाण्यात बुडवून काढायचा आणि उलटा करायचा. दोन माणसांच्या वजनाची लादी सरकत बाहेर येते. मग ती आकड्याने ओढायची, क्रशरमध्ये घालायची आणि चुरा होडीच्या पोटात सोडायचा. या सगळ्याच्या मुळाशी आहे अमोनिया दाबणारा कॉम्प्रेसर. त्यालाच आम्ही मशीन म्हणतो. ते चालतंय तोवर सगळं चालतंय.

मी शाळा आठवीत सोडली. बोअर मारणाऱ्या गाडीवर मजूर म्हणून निघालो. ती गाडी फिरत फिरत चौलला बापूंच्या वाडीत बोअर मारायला आली. वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग. बापूंचा बर्फाचा कारखाना होता आणि तिथे लाद्या ओढायला माणूस हवा होता. गाडी पुढे गेली, मी राहिलो. टँकरची वाट बघणाऱ्या गावातला माणूस पाणी गोठवायच्या धंद्यात पडला, ते असं. काही वर्षांनी जुना ऑपरेटर सोडून गेला तेव्हा चारजण बापूंना म्हणाले, आठवीवाल्याच्या हातात अमोनिया देऊ नका. बापू म्हणाले, "शाळा कमी असेल, पण त्याला कान आहेत." या वाक्यावर मी वीस वर्षं जगलोय. आणि या वाक्याला धक्का लागेल या भीतीतही वीस वर्षं जगलोय. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस आहे मी.

तर कानाचीच गोष्ट. आमचं मशीन जुनं आहे, पट्ट्यावर चालणारं. त्याचा आवाज म्हणजे जेवून झोपलेला जाडा माणूस श्वास घेतो तसा. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्या श्वासामागे काहीतरी बारीक 'खट्' म्हणालं. मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक मशीनच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टर नळी लावतात तसंच हे. दुसऱ्या सिलिंडरच्या खाली ठोका होता. बारीक, पण प्रत्येक फेऱ्याला.

बाहेर धक्क्यावर पाच होड्या बर्फासाठी उभ्या. मासेमारी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेऱ्या, प्रत्येकाला घाई. पहिला नंबर हिरामण तांडेलाच्या होडीचा, आणि तो क्रशरजवळ उभा राहून ओरडत होता. बापूंचा मुलगा सुहास इंजिनीअर आहे. तीन वर्षांपासून कारखान्याचं तोच बघतो. त्याला बोलावलं. त्याने सगळे काटे पाहिले.

"दादा, प्रेशर बरोबर आहे, टेंपरेचर बरोबर आहे, ऑइल बरोबर आहे. मला काहीच ऐकू येत नाही."

"मला येतंय."

"आज बंद केलं तर सीझन गेला. पंधरा दिवस राहिलेत. जूनमध्ये उघडू तेव्हा काय ते बघा."

त्याचं चुकत नव्हतं. सगळे काटे त्याच्या बाजूने होते. पण कारखान्याच्या भिंतीपलीकडे अंगणवाडी आहे. आतला पिस्टन ढकलणारा दांडा तुटला तर तो मशीनचं कवच फोडून बाहेर येतो आणि त्याच्यामागून अमोनिया. अमोनिया ज्याने एकदा नाकात घेतलाय त्याला जास्त सांगावं लागत नाही. डोळे उघडत नाहीत, श्वास आत जात नाही. भिंतीपलीकडून मुलांचं गाणं ऐकू येत होतं. मी बटण दाबलं. मशीन दोन-तीन फेरे घेऊन थांबलं, आणि हिरामणचा आवाज एकदम मोठा झाला, कारण त्याला दाबणारं दुसरं काही राहिलं नव्हतं.

बापू आले. ओरडले नाहीत, त्याचंच मला जास्त वाटलं. त्यांनी मुंबईला युसूफ मिस्त्रींना फोन लावला. असली जुनी मशीनं उघडणारा त्यांच्यासारखा माणूस जवळपास नाही, आणि मे महिन्यात सगळ्या बर्फवाल्यांना आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांना तेच हवे असतात. मिस्त्री म्हणाले, नऊ-दहा दिवस तरी पाय टाकता येणार नाही. बापूंनी फोन ठेवला. तोवर मशीनला कोणी हात लावायचा नाही म्हणाले, आणि मला म्हणाले, "महादेव, तू घरी बस."

निघताना सुहास त्यांना म्हणाला ते मला ऐकू आलं. मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाला असेल. "आत काही निघालं नाही तर बाबा, आपण सर्टिफिकेटवाला ऑपरेटर बघायचा."

माझी सुट्टी सुरू झाली.

घर म्हणजे कारखान्यामागची खोली. त्या खोलीत मशीनचा आवाज नाही असा मे महिना मी पाहिला नव्हता. दुपारी पडलो तर पंख्याची कुरकुर ऐकू आली. शेजारच्या बाईंचा कुकर ऐकू आला. हा पंखा इतकी वर्षं कुरकुरतोय हे मला माहीतच नव्हतं. उठून तेल घातलं. मग काय करावं कळेना, म्हणून पिठाच्या गिरणीत जाऊन बसलो आणि गिरणीवाल्याला सांगितलं, तुझ्या मोटरचं डावीकडचं बेअरिंग जातंय. तो म्हणाला, दादा, तुम्ही सुट्टीवर आहात ना, मग माझ्या पोटावर का येताय.

दुसऱ्या दिवशी शालनला फोन केला. शालन म्हणजे माझी बायको. मशीन बंद आहे म्हणून सांगितलं.

"काढलं का तुमास्नी?"

"न्हाई गं. मशीन बंद हाय. दहा दिवस बसून ऱ्हायाचं."

"मग मीच येते."

इतक्या वर्षांत ती इथे दोनदा आली होती, दोन्ही वेळा पावसात, आणि चिखल बघून परत गेली. माझी आई अंथरुणाला होती तोवर तिला हलता येत नव्हतं. आई आदल्या वर्षी गेली. आता शेळ्या जावेच्या ओट्याला बांधून तिसऱ्या दिवशी सकाळी शालन अलिबागच्या स्टँडवर उतरली. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि कपाळावर आठ्या. मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, वाळलाय.

मग आम्ही हिंडलो. या वयात नवराबायको हिंडायला लागली की लोक बघतात, पण इथे मला ओळखणारे खूप. वाटेत जो तो हाक मारायचा. शालनला आश्चर्य वाटलं. तिची समजूत, हा माणूस लांब कुठेतरी एका खोलीत बर्फ करत बसतो, त्याला कोण ओळखणार. तिला सांगावं लागलं की बर्फाशिवाय इथे कुणाचं चालत नाही. चौलच्या नाक्यावर एका गृहस्थांनी थांबून तिला नमस्कार केला. त्यांची आई वारली तेव्हा मोठा भाऊ परदेशातून येईपर्यंत दीड दिवस लागणार होता. ते कारखान्यात आले आणि त्यांना मागताच येईना. बर्फ हवाय म्हणाले, कशाला ते बोलवेना. मी विचारलं नाही. लाद्या बारीक फोडून पोत्यांत भरल्या आणि स्वतः जाऊन नीट लावून आलो. एका रिसॉर्टवाल्याला लग्नासाठी बर्फाचा हंस कोरायचा होता, त्याला आरपार दिसणारी लादी हवी होती. लादीच्या मध्ये पांढरट गाभा येतो तो येऊ नये म्हणून गोठेपर्यंत पाण्यात हवा सोडावी लागते. मी दोन दिवस त्या एका डब्यावर जीव लावला. पाहुण्यांनी हंसाबरोबर फोटो काढले म्हणे. हंसाचं पाणी झालं तरी मान शेवटपर्यंत राहिली, असं सांगायला तो मुद्दाम आला होता.

आणि हिरामण तांडेल. तो बर्फ चाटल्याशिवाय घेत नाही. डबा फुटका असेल तर खारं पाणी आत शिरतं, तशी लादी नरम राहते आणि होडीत लवकर विरघळते. म्हणून प्रत्येक लादीला जीभ. मी त्याला एकदा म्हटलं, तांडेल, माझ्यावर विश्वास नाही का. तर म्हणाला, तुज्याव हाय, तुज्या डब्याव न्हाय.

शालनने ताडगोळे पहिल्यांदा खाल्ले. जांभळं खाल्ली आणि जीभ काढून आरशात बघितली. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली मी भर दुपारी झोपलो, चांगला दोन तास, आणि उठलो तेव्हा ती माझ्या चपला उशाला घेऊन झोपली होती. मी तिला म्हटलं, मे महिना असा असतो होय. ती म्हणाली, आमच्याकडं बी असाच असतो, तुमी कवा बघितलाय.

तरी डोक्यात मशीन होतंच. मिस्त्री उघडतील आणि आत काहीच निघणार नाही, ही एकच भीती. पुन्हा पुन्हा तो ठोका आठवून बघायचो. खरंच ऐकला होता ना?

पाचव्या दिवशी आम्ही चौलच्या दत्ताच्या डोंगरावर गेलो. पायऱ्या बऱ्याच आहेत. अर्ध्यावर शालनच्या चपलेचा पट्टा सुटला. तिने तिथे सेफ्टी पिन लावली होती, ती मोडली. खाली बसून तिने पिनेचे दोन तुकडे हातावर घेतले.

"वाकडी झालेली सरळ करून लावली हुती," ती म्हणाली. "एकदा वाकली की तिच्यात जीव ऱ्हात न्हाई."

मी पायरीवर बसलो.

इथे थोडं सांगावं लागेल. मशीनच्या आत जो दांडा असतो, त्याला खाली बोल्ट आणि नट असतात. नट फिरून सैल होऊ नये म्हणून त्याच्यातून एक दुहेरी तारेची पिन आरपार घालतात आणि तिची टोकं वाकवतात. तिला स्प्लिट पिन म्हणतात. नियम एकच: काढलेली पिन परत वापरायची नाही. तार एकदा वाकवून सरळ केली की ती आतून मोडलेलीच असते, वरून दिसत नाही. हे मला शिकवलेलं आहे आणि मी चारजणांना शिकवलेलं आहे. आदल्या पावसाळ्यात मशीन बांधताना नव्या पिनांत एक कमी पडली. बाहेर पाऊस कोसळत होता, दुकान बंद होतं. काढलेल्यांतली एक बरी बघून मी सरळ केली आणि घातली. म्हटलं, उद्या बदलू. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण बसवलं. उद्या डोक्यातून गेला तो जवळजवळ वर्षाने या पायरीवर आला. ती पिन दुसऱ्या सिलिंडरच्या दांड्याला होती. ठोकाही तिथेच होता.

माझी परिस्थिती बघा. आत काही निघालं नाही तर माझे कान खोटे. आणि निघालं तर ते माझ्याच हाताने घातलेलं. शालनला सगळं सांगितलं. ती चप्पल हातात घेऊन ऐकत होती.

"बापूस्नी कवा सांगनार?"

"मिस्त्री येऊ दे. कदाचित ते नसंल. नसताना कशाला सांगायचं? नोकरी जाईल."

"मिस्त्रीनं काढून दाखवल्यावर सांगितलं तर ते सांगनं न्हवं," ती म्हणाली. "तवा तुमास्नी नुसतं व्हय म्हनायचं ऱ्हाईल."

एवढं बोलून ती अनवाणी वर चढायला लागली. मी मागून गेलो. दत्तासमोर हात जोडले, पण काय मागावं ते ठरेना. पिन मोडलेली निघू दे म्हणू की न मोडलेली?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बापूंच्या वाडीत गेलो. सुपारीला शिंपणं चाललं होतं, बापू लेंगा वर खोचून पाटाच्या कडेला उभे होते. शालनला त्यांनी बसायला सांगितलं आणि गड्याला शहाळी काढायला. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पिन, पाऊस, दुकान, सगळं. बापूंनी पाटातलं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवलं.

"किती कमी होत्या?"

"एक."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"उद्या बदलू म्हटलं. मग झाकण बसलं."

आळं भरेपर्यंत ते पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, मिस्त्री येऊ दे. सुहासला मी सांगू का, असं विचारलं, तर म्हणाले, "मला सांगितलंस ना. मग झालं." यातून काय समजायचं ते मला समजलं नाही. ठेवणार की काढणार, चेहऱ्यावर काही नव्हतं. पण वाडीच्या बाहेर आलो आणि मला भूक लागली. पाच दिवसांत पहिल्यांदा सडकून भूक. नाक्यावर मिसळ खाल्ली, वर दोन पाव जास्त मागवले. शालन म्हणाली, आता दिसता सुट्टीवर आल्यासारखे.

पुढचे चार दिवस ही माझी खरी सुट्टी. आता माझ्या हातात काही उरलं नव्हतं. जे करायचं ते करून झालं होतं, आणि जे व्हायचं ते मिस्त्री आल्याशिवाय होणार नव्हतं. असा मोकळा मी आयुष्यात कधी नव्हतो. कुलूप एकदाच ओढलं.

हिरामण माझ्यावर रागावलेला होता. त्याने लांबून टेंपोने बर्फ आणला होता, त्यातला चौथा हिस्सा वाटेतच पाणी. धक्क्यावर दिसलो की मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "काय रं महादेवा, तुजा बरफ पन सुट्टीव गेला का?" पण आठव्या दिवशी शालनला माझ्याबरोबर बघून त्याचा आवाज बदलला. "वयनी, समिंदर बगला का कवा आतून?" तिने मान हलवली. त्याने त्याच्या लहान होडीत आम्हाला बसवलं आणि खाडीच्या तोंडापर्यंत नेऊन आणलं. समोर कोर्लईचा किल्ला, वर घारी. शालन एका हाताने माझा शर्ट धरून बसली होती आणि दुसरा हात तिने पाण्यात सोडला होता. मग बोट चाटलं.

"मीठ कमीच हाय की. तुमच्या टाकीत जास्त असंल."

हिरामण हसायला लागला. "महादेवा, तुजी बायको तुज्यापरीस हुशार हाय. हिलाच ठेव मशिनीवं."

तिचं बरोबर होतं. टाकीतलं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारं लागतं. मला ते शिकायला एक वर्ष लागलं होतं.

दहाव्या दिवशी युसूफ मिस्त्री आले. पांढरी दाढी, हातात तीच जुनी लोखंडी पेटी. गॅस बंद केला, झाकणाचे बोल्ट काढले. सुहास मोबाइलवर शूटिंग करत उभा होता, बापू खुर्चीवर. मी मिस्त्रींच्या शेजारी उकिडवा. झाकण निघालं. मिस्त्रींनी आत हात घातला, दुसऱ्या दांड्याचा नट चाचपला आणि थांबले. मग दोन बोटांनी तो फिरवला. पान्हा न लावता, बाटलीचं झाकण फिरवावं तसा. तेलातून त्यांनी काहीतरी उचललं आणि मूठ मिटली. ती मूठ त्यांनी गुडघ्याआड माझ्याकडे वळवून उघडली. पिनेचा अर्धा तुकडा होता. तारेला जुनी वाकण स्पष्ट दिसत होती. मिस्त्रींना ती एका नजरेत कळली.

"महादेवभाय," ते अगदी हळू म्हणाले, "हा माझ्या खिशात जाऊ दे. कोन बघतंय. नट आपोआप सैल झाला, बस."

कारागिराने कारागिराला सांभाळून घ्यायची रीत आहे आमच्यात. त्यांनी आयुष्यात अशा किती पिना खिशात टाकल्या असतील. मी तो तुकडा त्यांच्या तळव्यावरून उचलला आणि उठून बापूंच्या हातात दिला.

"हीच ती."

सुहासने मोबाइल खाली घेतला. "हीच म्हणजे? कुठली?"

"जुनी पिन आहे," बापू म्हणाले. "याने घातलेली. चार दिवसांपूर्वी वाडीत येऊन मला सांगून गेलाय." मग मिस्त्रींना विचारलं, अजून किती चाललं असतं. मिस्त्रींनी नट पुन्हा बोटाने फिरवला. म्हणाले, बंद केलं त्या दिवशी संध्याकाळपर्यंतही नाही. दुपारीच दांडा बाहेर आला असता.

भिंतीपलीकडे अंगणवाडी सुटत होती, कुणीतरी आपली पिशवी विसरून परत पळत होतं.

सुहास माझ्याकडे बघत होता. "तुम्हाला हे बाहेरून ऐकू आलं होतं?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. मी हो म्हटलं.

बापू उठले. "घातली यानेच, आणि ऐकलीही यानेच," ते म्हणाले. "आता नवी घालायची तर यानेच घालावी. सुहास, तू बघ कशी घालतात ते."

मी घातली. बेअरिंगही बदललं, सगळ्याच पिना बदलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू झालं. शालन खोलीत भाकऱ्या करत होती, ती बाहेर येऊन म्हणाली, "एवढ्या आवाजात तुमी झोपता व्हय?" मी म्हटलं, आता झोप लागेल. पहिल्या लाद्या निघाल्या तेव्हा हिरामणने लादीला जीभ लावली, माझ्याकडे बघितलं आणि होडीत घेतली. त्याच दिवशी शालन परत गेली. शेळ्यांची आठवण यायला लागली होती तिला.

पाऊस लागल्यावर मशीन उघडलं तेव्हा सुहास पहिल्यांदा माझ्याबरोबर बसला. बापूंनी वाटणी करून दिली होती: मी त्याला ऐकायला शिकवायचं, त्याने मला लिहून ठेवायला. काय काढलं, काय घातलं, काय उद्यावर टाकलं. त्याने वही आणली. उद्यावर टाकलेल्याचं पान वेगळं आहे, आणि ते कोरं झाल्याशिवाय झाकण बसत नाही. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून तो सुरुवातीला म्हणायचा, काहीच वेगळं ऐकू येत नाही. मी म्हणायचो, मग रोज तेच ऐक. जे रोज असतं ते पाठ झालं की नसलेलं आपोआप कळतं.

यंदाच्या मे महिन्यात बापूंनी मला चार दिवस सुट्टी दिली. मशीन चालू असताना. मी गावच्या यात्रेला गेलो. दुसऱ्या दिवशी पालखी निघायच्या वेळेला फोन वाजला. सुहास होता. गर्दीत ऐकू येईना म्हणून मी एका कानात बोट घातलं.

"दादा, पट्ट्याच्या बाजूला आवाज येतोय. रोजचा नाही."

"बंद कर," मी म्हणालो.

"केलंय. पंधरा मिनिटं झाली. पट्टा एका बाजूने चिरलाय, नवा घालतोय." मागून हिरामणचा आवाज येत होता. बापाची गादी चालवायला लेक बसला का, असं काहीतरी तो ओरडत होता. सुहास म्हणाला, "बाहेर सहा होड्या आहेत. शिव्या खातोय."

"काटे काय सांगत होते?"

"सगळे बरोबर होते."

"मग फोन कशाला केलास?"

"तुम्हाला सांगायला."

मी फोन खिशात टाकला. शालन माझ्या तोंडाकडे बघत होती. मशीन बंद म्हटल्यावर माझं काय होतं ते तिला माहीत आहे.

"जायचं का परत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, अजून दोन दिवस आहेत. आणि आम्ही पालखीमागे चालायला लागलो.